रुग्णाला किती कळतं, हे मोजायचं कसं?

मंडळी, आरोग्याची माहिती रुग्णाला किती समजते आणि वापरता येते, म्हणजे त्याची ‘आरोग्य साक्षरता’, हे मोजणाऱ्या चाचण्या आहेत. फ्रान्समधल्या जुनाट आजारांच्या रुग्णांसाठी त्यांतली कुठली कामाची, ते पाहू. एक चाचणी अशी: आइस्क्रीमच्या डब्यावरचं पोषणाचं लेबल रुग्णाच्या हातात द्यायचं आणि सहा प्रश्न विचारायचे. अख्खा डबा संपवला तर पोटात किती कॅलरी जातील? समजा तुम्हाला पेनिसिलिन, शेंगदाणे, लेटेक्सचे हातमोजे आणि मधमाशीचा दंश यांची अ‍ॅलर्जी आहे, मग हे आइस्क्रीम चालेल का? घटकांच्या बारीक अक्षरांत शेंगदाणा तेल दडलेलं असतं. 2005 साली अमेरिकेत आलेली ही ‘न्यूएस्ट व्हायटल साइन’ चाचणी तीनेक मिनिटांत आटोपते. मला ती आवडते; ‘हो, समजलं’ म्हणून सुटायची सोय तिच्यात नाही. पण फ्रान्समध्ये नेली की घोटाळा. अमेरिकन लेबल एका ‘सर्व्हिंग’चा, म्हणजे एका वेळी खायच्या वाढपाचा हिशेब देतं, तर युरोपात 100 ग्रॅम किंवा 100 मिलिलिटरमागचे आकडे छापणं बंधनकारक आहे. भाषांतर बिनचूक केलं तरी पॅरिसच्या आजीबाईंना तो हिशेब परकाच.

त्याआधीची एक चाचणी 66 वैद्यकीय शब्द मोठ्याने वाचून घेते. इंग्रजीत ती चालते, कारण तिथे स्पेलिंग आणि उच्चार यांचा छत्तीसचा आकडा. फ्रेंचमध्ये नियम माहीत असले की लिहिलेलं बहुतेक वाचता येतं. मराठीत तर विचारूच नका, ‘उच्चरक्तदाब’ चौथीतलं पोरही खणखणीत वाचेल. स्पॅनिशमध्ये हीच अडचण आली, तेव्हा 2006 साली शब्द वाचून अर्थाशी जोडायची वेगळी चाचणी करावी लागली.

आता फ्रान्समधल्या जुनाट आजारांच्या रुग्णांकडे येऊ. तिथे दीर्घकालीन आजारांची सरकारी यादी आहे. मधुमेह तीत आहे. यादीतल्या आजाराच्या उपचारांचा खर्च सरकारी आरोग्य विमा ठरलेल्या दराने 100 टक्के उचलतो. पैशाची अडचण बरीच मिटली, तरी इन्शुलिन लागत असेल तर ते रोज घरी बहुतेकदा ज्याचं त्यालाच टोचायचं असतं. 2009 च्या कायद्याने रुग्णशिक्षणाला उपचारांचाच भाग मानलं. शिकवायचं म्हटलं की आधी पाहावं लागतं, माणूस नेमका अडतो कुठे.

जपानमध्ये इशिकावा आणि सहकाऱ्यांनी 2008 साली टाइप-2 मधुमेहींसाठी 14 प्रश्नांची मोजपट्टी केली होती: वाचता येतं का, माहिती मिळवून डॉक्टरांशी बोलता येतं का, आणि मिळालेली माहिती पारखता येते का. तिची फ्रेंच आवृत्ती 2018 साली तपासून प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी फ्रेंच ‘एचएलक्यू’ची (हेल्थ लिटरसी क्वेश्चनेअर, म्हणजे आरोग्य साक्षरतेची प्रश्नावली) पडताळणीही आली. ही प्रश्नावली मूळची ऑस्ट्रेलियातली, रिचर्ड ऑस्बर्न आणि सहकाऱ्यांची, 2013 ची. 44 प्रश्न, नऊ विभाग. माझं मत विचाराल तर कामाची हीच, कारण तिच्यात एकूण गुण नसतात. नऊ विभागांचे नऊ आकडे वेगवेगळे वाचायचे.

समजा, दोन मधुमेही आहेत. एकाला सगळं वाचता येतं, इंटरनेटवरची माहिती तो पारखून घेतो, पण पायाला जखम झाली तर कुणाकडे जायचं हे त्याला ठाऊक नाही. दुसरीला वाचायला जड जातं, पण मुलगी सोबत येते आणि डॉक्टर तिचं ऐकून घेतात. बेरीज केली तर दोघं एका पायरीवर, आणि दोघांना एकच पत्रक मिळेल. पत्रकाचा पहिल्याला उपयोग नाही. त्याच्यासाठी दवाखान्याने रस्ता सोपा करायला हवा. कमी गुणांचा दोष दर वेळी रुग्णाच्या पदरात टाकण्याची आपली सवय इथे मोडते.

रेयुनियों बेटावर गोष्ट आणखी अवघड होते. हिंदी महासागरातला हा फ्रान्सचाच भाग, मधुमेह भरपूर. शाळा-दवाखाना फ्रेंचमध्ये, घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली स्थानिक बोली. शेजारच्या मॉरिशसमध्ये, जिथे एकोणिसाव्या शतकात आपली मराठी माणसं गेली, तिथेही वर्तमानपत्रं मुख्यतः फ्रेंच आणि बोलणं क्रिओल. अशा ठिकाणी फ्रेंच कागद पुढे केला की आपण आरोग्याची समज मोजतोय की फ्रेंच?

एचएलक्यू वाचून दाखवूनही भरून घेता येते, तेव्हा निरक्षर माणूस गळत नाही. पण पहिलाच विभाग असतो, उपचार करणारे आपल्याला समजून घेतात का याचा. तो त्याच वॉर्डातल्या नर्सने विचारला तर कोण ‘नाही’ म्हणेल? प्रश्न विचारायला बाहेरचा माणूस नेमा, आणि जमलं तर क्रिओल बोलणारा.