लबकचा कापूस आणि सरकारी चेक

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

आज जरा लांबची गोष्ट सांगतो, पण कापसाचीच. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात लबक नावाची काउंटी आहे. आपल्या जिल्ह्याहून लहान, तालुक्याहून मोठी. कोरडं पठार, सुसाट वारा आणि नजर जाईल तिथवर कपाशी. वेचणीला माणूस लागत नाही. यंत्रच झाडावरची बोंडं ओरबाडून नेतं.

अमेरिकेच्या सरकारने २०२५च्या पिकापासून सरकीसकट कापसाला पौंडामागे ४२ सेंट असा आधारभाव धरलाय. क्विंटलला साधारण आठ हजार रुपये झाले. आपल्याकडे २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव आहे ८११० रुपये. म्हणजे भाव जवळजवळ सारखाच! मला तरी याचं नवल वाटलं.

फरक आहे तो पैसे हातात पडण्याच्या रीतीत. आपण गाडी भरून सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर जायचं, रांगेत थांबायचं, ओलावा बारा टक्क्यांवर निघाला की माल परत आणायचा. लबकचा शेतकरी कापूस हवा तिथे विकतो. देशातला वर्षाचा सरासरी भाव आधारभावाखाली गेला, तर मधला फरक सरकार देतं. मात्र थांबावं लागतं. २०२५च्या पिकाचे पैसे ऑक्टोबर २०२६नंतर.

आता यातली खरी मेख ऐका. हा फरक यंदाच्या कापसावर मोजतच नाहीत. त्या जमिनीच्या नावे पूर्वीपासून किती एकर कपाशी नोंदलेली आहे आणि एकरी उत्पादन काय धरलंय, ते बघतात आणि त्यातल्या ८५ टक्के एकरांवर पैसे देतात. यंदा तिथे ज्वारी पेरली असली तरी कापसाचे पैसे मिळतात! आणि आपल्याकडे २०२३च्या खरिपाची कापूस-सोयाबीनची मदत ई-पीक पाहणीतल्या नोंदीवर अडली होती. तीही हेक्टरी ५ हजार, दोन हेक्टरपर्यंत. तिकडे २०२५च्या पिकासाठी एका माणसाची मर्यादा १ लाख ५५ हजार डॉलर. आता ज्याची जमीन मोठी, त्याचा चेक मोठा, हे ओघानं आलंच.

या अनुदानांवरून भांडणंही झाली. ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध तक्रार केली आणि जिंकली. २०१४च्या कायद्यात अमेरिकेने कापूस आधारभावाच्या पिकांच्या यादीतून काढला, शिवाय ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. पुढे २०१८ मध्ये ‘सरकीसकट कापूस’ असं नवं नाव लावून तेच पीक पुन्हा यादीत आलं. चलाखीला दाद द्यावी लागते.

मला त्यातली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी वाटते. रोख खंडाने जमीन कसणाऱ्याला तिथे ही रक्कम मिळते, मालकाला नाही. मालक पुढे खंड वाढवू शकतो, ते वेगळं. आपल्याकडे पीएम-किसानचे सहा हजार आणि नमो योजनेचे सहा हजार सातबाऱ्यावर नाव असलेल्याला जातात. ठोक्याने करणारा बाजूलाच राहतो. शिवाय काउंटीच्या कार्यालयावर तिथल्या शेतकऱ्यांनीच निवडलेली समिती असते, मुदत तीन वर्षं. मतपत्रिका टपालाने घरी येते आणि ठोक्याने जमीन करणाऱ्यालाही मत असतं.

नमस्कार.