वरून तूप

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'कडक शाकाहारी' म्हटलं. तसं नाही हो. कडक शाकाहारी माझी आजी होती. तिला कांदा चालत नसे, पण शेवटी ताकभात नसेल तर जेवण झाल्यासारखं वाटत नसे. मी कांदा खातो, लसूण खातो. दूध-दही-लोणी-तूप आणि मध खात नाही. याला व्हीगन म्हणतात. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी 'व्हेजिटेरियन'चं डोकं आणि शेपूट जोडून हा शब्द काढला. मधलं पोट गाळलं, आणि तेव्हापासून लोक नेमकी पोटाचीच चौकशी करतायत: मग खाता काय?

मला चार शंकांवर बोलायचंय: प्रोटीन, कॅल्शियम, बी-बारा जीवनसत्त्व, आणि हे सगळं कशासाठी. येतोच तिकडे. आधी तुपाचं सांगतो.

भाच्याचं लग्न होतं, साताऱ्याकडे. हल्ली दिसत नाही अशी पाटावरची पंगत. वाढायला मावशीचा थोरला, हातात तुपाचं भांडं. मी म्हटलं, नको. आता पंगतीतलं 'नको' म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून मी वरणभातावर आडवा हात धरला. तोही आग्रहात जमा झाला. कढत तूप पळीभर मनगटावर, तिथून ओघळ घड्याळाच्या पट्ट्यात. ते घड्याळ अजून उन्हाळ्यात बेसनाच्या लाडवासारखं वास मारतं.

समोरच्या पाटावरून मावशी म्हणाली, "अरे, तूप म्हणजे काय दूध आहे का? घरचं आहे, विकतचं नव्हे." मग आवाज उतरवून, "डॉक्टरांनी सांगितलंय का तुला?" मी म्हटलं, नाही, माझं मीच ठरवलंय. तिथे चुकलं. डॉक्टर म्हटलं असतं तर पंगतीने हळहळून विषय सोडला असता. स्वतः ठरवलं म्हटल्यावर भात निवेपर्यंत माझी उलटतपासणी. वधूचे काका तर म्हणाले, "मग गवत का खात नाही?" गवत खाणाऱ्याचंच तूप माझ्या घड्याळात होतं, पण सोयरिकीचा मान म्हणून गप्प बसलो.

त्या पंगतीत मला एक गोष्ट दिसली. तेवढ्यासाठीच मी आज आलोय, चार शंका हे निमित्त. आपल्या ताटातलं दूध बहुतेक वरून येतं. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, भरली वांगी, चिंचगुळाची आमटी, ठेचा यांत दूध आहे कुठे? थालीपिठावर लोणी वरून. पुरण म्हणजे हरभऱ्याची डाळ आणि गूळ, तूप वरून. मोदकाची उकड तांदळाची, सारण नारळ-गुळाचं. तो फोडायचा आणि तूप वरून. कोकणात तर शिरवाळे नारळाच्या रसातच खातात. म्हणजे फक्त शेवटची पळी अडवायची. याला मी 'वरूनचा सिद्धांत' म्हणतो. घरात त्याला दुसरं नाव आहे.

चहापुढे हा सिद्धांत सपशेल आपटतो, हे कबूल. आणि श्रीखंडाबद्दल कृपया मला विचारू नका.

आता 'कशासाठी'. त्याच रात्री ओसरीवर मावशी आपणहून म्हणाली, आमच्या लहानपणी रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे उभं करायचे. ती त्याला चाटायची आणि पान्हा सोडायची. मी नुसता ऐकत होतो. पान्हा हा शब्द आपण आईसाठीही वापरतो ना? मावशी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तरी पळीभर तुपाने काही होत नव्हतं तुला."

गांधीजींनी १९१२ साली दूध सोडलं, गाई-म्हशींचे हाल कळल्यावर. पुढे मोठ्या आजारपणात कस्तुरबांनी सुचवलेलं शेळीचं दूध घेतलं, कारण व्रत धरताना डोळ्यांपुढे गाय-म्हैसच होती. स्वतःच्याच व्रतातली ही पळवाट त्यांना कायम बोचली.

घंटा झाली? सचिव, पाच मिनिटं.

प्रोटीन: डाळी, उसळी, शेंगदाणे, सोयाबीन, रोज, आणि चमचाभर नव्हे, वाटी भरून. कॅल्शियम: १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम, तेवढ्याच गाईच्या दुधात १२० च्या आसपास. नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही, म्हणून मोड आणून दळा, जोडीला तीळ खा. बी-बारा: इथे माझा सिद्धांत गुंडाळून ठेवा. ते जिवाणू तयार करतात, भाजीपाल्यात भरवशाचं मिळत नाही, स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या जाहिरातींना भुलू नका. डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायची, रक्त तपासायचं. आणि समोरच्या दूध पिणाऱ्या शाकाहारी मंडळींनीही तपासून घ्यावं. पाकिटांसाठी २०२२ पासून सरकारी नियम आहेत, व्हीगनचं वेगळं चिन्ह असतं, ते बघा.

एक चिठ्ठी आली आहे: "रेशमाचं काय?" कोश उकळत्या पाण्यात घालतात, आतला किडा मरतो, म्हणून नवीन रेशीम घेत नाही. खाली लिहिलंय, "आणि घरातल्या पैठणीचं काय?" ती पैठणी आत्ता तिसऱ्या रांगेत बसली आहे. पुढची चिठ्ठी द्या.