रुपेरी ढालींचे म्हातारे

नमस्कार श्रोतेहो.

ज्या पलटणीत सगळ्यात धाकटा शिपाई साठीचा, अशी पलटण तुम्ही कधी ऐकलीय? डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराने तिची नोंद करून ठेवली आहे. बहुतेकजण सत्तरीचे, काही त्याहूनही थोर. मला यात थोडं तिखटमीठ वाटतं. पण पाच-दहा वर्षं वजा केली तरी सगळी आजोबा मंडळीच!

यांना म्हणत आर्गिरास्पिड, म्हणजे रुपेरी ढालीवाले. संख्या तीन हजारांच्या आसपास. सिकंदराचा बाप फिलिप, त्याच्या अमदानीपासूनचे हे शिपाई. सिकंदराबरोबर मॅसिडोनियातून, म्हणजे ग्रीसच्या उत्तरेकडच्या त्याच्या राज्यातून निघाले ते आपल्या झेलमपर्यंत आले, पोरसाशी लढले. ढालींवर चांदी चढली तीही या हिंदुस्थानच्या स्वारीच्या सुमारास, असं सांगतात.

इ.स.पू. ३२३ मध्ये सिकंदर बाबिलोनला वारला आणि सरदारांत जुंपली. या भांडणात हे म्हातारे युमेनीसच्या हाताखाली आले. युमेनीस सिकंदराचा चिटणीस. डोक्याने तल्लख, पण ग्रीक, मॅसिडोनियन नव्हे. लेखणीवाल्या परक्याचा हुकूम या कसलेल्या भालेवाल्यांनी का मानावा? मग गड्याने शक्कल लढवली. स्वप्नात सिकंदर आला होता म्हणाला, एक तंबू ठोकला, आत राजाचं रिकामं सिंहासन मांडलं, त्यावर मुकुट आणि राजदंड ठेवला. रोजची मसलत तिथेच. पलटणीचे नायक अँटिजेनीस आणि ट्यूटामस त्या रिकाम्या सिंहासनापुढे निमूट येऊन बसू लागले.

इ.स.पू. ३१६ च्या सुमारास, ऐन हिवाळ्यात, इराणातल्या गॅबिएनीच्या माळावर सिकंदराचाच दुसरा सरदार, एकडोळ्या अँटिगोनस, याच्याशी त्यांची गाठ पडली. लढाईला तोंड लागण्याआधी अँटिजेनीसने एक घोडेस्वार पुढे धाडला. शत्रूच्या मॅसिडोनियन शिपायांना तो ओरडून म्हणाला, "पाप्यांनो, बापांवर हात उचलताय? फिलिप आणि सिकंदराबरोबर जग जिंकणारे हेच ते!" आणि म्हाताऱ्यांनी समोरची फळी खरोखरच उधळली. पाच हजार मारले, स्वतःचा एकही गमावला नाही, असं डायोडोरस लिहितो. एकही नाही, हे काही मला पटत नाही.

पण माळ खारट, मातीचा नुसता भुगा. हजारो पायांनी आणि टापांनी असा धुरळा उठला की दोन पावलांपलीकडचं दिसेना. त्याच्या आडून अँटिगोनसच्या घोडदळाने वळसा घातला आणि मागची छावणी लुटली. छावणी म्हणजे या लोकांचा अख्खा संसार! बायका, पोरं, गुलाम, वीस-पंचवीस वर्षांत गाठीला बांधलेलं सोनंनाणं. गावाकडे ना शेत, ना घर. जे होतं ते त्या बाजारबुणग्यांच्या गाड्यांवर.

युमेनीस म्हणाला, शत्रूचं पायदळ मोडलंय, पुन्हा भिडू, सगळं सोडवून आणू. कोण ऐकतो? ट्यूटामसने गुपचूप अँटिगोनसकडे माणसं धाडली. उत्तर आलं, युमेनीस द्या, सामान घ्या. त्यांनी त्याची तलवार हिसकावली आणि त्याच्याच कमरपट्ट्याने त्याचे हात बांधले. "मला तुम्हीच मारा, त्याच्या हाती देऊ नका," असं तो विनवत होता. त्यांचं उत्तर ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने दिलंय: फिलिप-सिकंदराच्या शिपायांनी म्हातारपणी कमाई गमावून भीक मागायची का? आमच्या बायका शत्रूकडे ही तिसरी रात्र काढताहेत!

गद्दार म्हणावं का यांना? म्हणावंच. पण ज्याचं घर बैलगाडीवर आहे, त्याच्याकडून गाडी गेल्यावर निष्ठेची अपेक्षा करणारे सरदारही मला भोळे वाटतात.

अँटिगोनस मात्र भोळा नव्हता. युमेनीसला त्याने ठार केलं, अँटिजेनीसला खड्ड्यात घालून जिवंत जाळलं. पलटणीतले जास्त डोईजड वाटले ते आराकोसियाच्या, म्हणजे आजच्या कंदाहारकडच्या सुभेदाराकडे रवाना केले. सुभेदाराला आतून हुकूम होता की यांना थोडेथोडे करून अशा कामगिऱ्यांवर पाठव, जिथून कोणी परत येणार नाही. त्यात युमेनीसला पकडून देणारेही होते.