३४ राज्यांचा अर्ज

(दृश्य : इंडिपेंडन्स हॉल, फिलाडेल्फिया)

हिरवं कापड अंथरलेली ही मेजं. याच दालनात १५ सप्टेंबर १७८७ रोजी, अमेरिकेच्या राज्यघटनेचा मसुदा जवळपास पुरा झालेला असताना, व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन अडून बसले. घटनादुरुस्ती सुचवायचा अधिकार एकट्या काँग्रेसकडेच, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडेच राहिला, तर काँग्रेसच डोईजड झाल्यावर दाद कुठे मागायची? हरकत मान्य झाली. पाचव्या कलमात राज्यांसाठी वेगळी वाट निघाली : दोन तृतीयांश विधिमंडळांनी अर्ज केले, की दुरुस्त्या सुचवणारी परिषद बोलावणं काँग्रेसवर बंधनकारक.

आपल्याकडे ३६८व्या कलमात काही दुरुस्त्यांना निम्म्या राज्यांची संमती लागते. प्रस्ताव मात्र संसदेतच मांडावा लागतो.

(दृश्य : राज्याच्या सभागृहातला मतदान फलक)

हिरवा दिवा होकाराचा, लाल नकाराचा. अर्जाचा ठराव आधी समितीत जातो आणि बहुतेक तिथेच अडकतो. सुटलाच, तर दोन्ही सभागृहांनी एकच मजकूर मंजूर करायचा. शब्द बदलला की तो पुन्हा पहिल्या सभागृहाकडे. नेब्रास्कात सभागृह एकच, म्हणून एक फेरी वाचते. गव्हर्नरची सही सहसा लागत नाही. मंजूर प्रती वॉशिंग्टनला, सिनेट आणि प्रतिनिधिगृह या काँग्रेसच्या दोन सभागृहांकडे जातात. असे अर्ज ५० पैकी ३४ राज्यांचे हवेत.

गाडं रुततं ते विषयावर. एका राज्याने अंदाजपत्रकासाठी अर्ज केला आणि दुसऱ्याने खासदारांच्या पदाच्या कमाल मुदतीसाठी, तर त्यांची बेरीज करायची का? घटना याबद्दल गप्प आहे. समतोल अंदाजपत्रकाची मागणी १९८३मध्ये ३२ राज्यांपर्यंत पोहोचली होती. दोन कमी! पुढे काही राज्यांनी अर्ज मागे घेतले, आणि तसे ते घेता येतात का, यावरही वाद आहे. काँग्रेसने स्वतः प्रयत्न केला, तेव्हा १९९७मध्ये सिनेटमध्ये ६६ मतं पडली. हवी होती ६७.

म्हणून ‘कन्व्हेन्शन ऑफ स्टेट्स’ या सध्याच्या मोहिमेने सगळ्या राज्यांसाठी एकच मजकूर ठेवला आहे. त्यात विषय तीन : केंद्राच्या खर्चाला लगाम, त्याच्या अधिकारक्षेत्राला मर्यादा, आणि केंद्रातल्या अधिकाऱ्यांसाठी व काँग्रेस सदस्यांसाठी मुदत. खासदारांची मुदत राज्यांना आपल्या कायद्याने ठरवता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये दिला; घटनादुरुस्तीशिवाय मार्ग उरला नाही. जॉर्जियाने २०१४मध्ये सुरुवात केली. साउथ कॅरोलायनाने मार्च २०२२मध्ये ठराव केला, तेव्हा आकडा १९ झाला.

(दृश्य : नॅशनल आर्काइव्ह्ज, वॉशिंग्टन)

हे काम सावकाश चालतं. काँग्रेसने स्वतःची पगारवाढ निवडणुकीआधी लागू करू नये, ही दुरुस्ती १७८९मध्ये राज्यांकडे गेली होती. १९८२मध्ये टेक्सासच्या ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्याने ती अजून जिवंत असल्याचं दाखवलं आणि विधिमंडळांना पत्रांमागून पत्रं पाठवली. १९९२मध्ये ती २७वी दुरुस्ती झाली. सत्ताविसाच्या सत्तावीस दुरुस्त्यांचा प्रस्ताव काँग्रेसचाच. मेसन यांच्या वाटेने अजून एकही आलेली नाही.

परिषद विषय सोडून भरकटेल, ही भीती विरोधक घालतात. १७८७ची परिषदही राज्यांमधला आधीचा करारनामा सुधारायलाच जमली होती, आणि तिने नवी घटनाच लिहिली. पण परिषद फक्त प्रस्ताव मांडते. मंजुरीला ३८ राज्यं लागतात. म्हणजे १३ राज्यांत एकेका सभागृहाने नकार दिला, तरी दुरुस्ती बारगळते.