पिशवी

श्रोतेहो, नमस्कार.

बीडकडच्या बायका एक वाक्य फार सहज बोलून जातात, 'माझी पिशवी काढलीय.' दाढ काढल्यासारखं. पिशवी म्हणजे गर्भाशय. आणि सांगणारी कधी कधी तिशीचीही नसते.

२०१९ मध्ये या गोष्टीचा बभ्रा झाला, तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात सोळा-सतरा. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

डॉक्टरांना शिव्या घालून मोकळं होता येतं. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, एवढ्यावर कॅन्सरची भीती घालून टेबलावर घेणारे होतेच. पण बाई तयार का होते? तिचा हिशेब पाहा.

फडात नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसं दोन, नाव हत्याराचं! मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ते या जोडीला. एक जण बसला की खाडा, आणि खाड्याचे पाचशे-पाचशे रुपये उचलीत चढतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. गाडी रात्री दोनला आली तर दोनला. पाळीचे चार दिवसही याच फळीवर. संडास नाही, राहायच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, न्हाणी नाही, कापड धुवायला पाणी हंडाभर. त्यातून जंतुसंसर्ग होतो. तो गोळ्यांनी बरा होण्यासारखा असतो, पण दवाखान्यात जायचं म्हणजे पुन्हा खाडा. मुलं झालेली असतात. मग एकदाच काय ते उरकून टाकू, असं ती म्हणते.

उरकत मात्र नाही. पिशवीबरोबर बीजकोषही काढले, तर ऐन तिशीत म्हातारपणाची दुखणी सुरू होतात. अंगातून वाफा येतात, हाडं ठिसूळ होतात. आणि मोळीचं वजन तेवढंच राहतं.

बीडमध्ये आता खासगी दवाखान्याला अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच प्रकरणांवरून सगळ्या राज्यांना नियम लागू करायला सांगितलं. बरं झालं. पण परवानगीचा कागद खाडा माफ करत नाही. पाळीच्या दिवसांचा खाडा धरायचा नाही, एवढं एक कलम मुकादमाच्या करारात आलं तर माझ्या मते शंभर तपासणी शिबिरांहून जास्त काम होईल.

जाता जाता, सांगली-कोल्हापूरकडे ज्यांच्या रानात यंदा टोळी उतरेल, त्या श्रोत्यांना एक विनंती. तुमच्या वस्तीवरच्या संडासाला बहुधा कुलूप असतं. तोड चालू असेपर्यंत ते काढून ठेवा, आणि बायकांना मोटारीच्या पाण्यावर धुणं करू द्या.

नमस्कार.