कात, पीस आणि नखी

[शेताचा बांध. दगडांत अडकलेली कात. कॅमेरा जवळ जातो.]

ही धामणीची कात. उलटी आहे, आतली बाजू बाहेर. धामण दगडावर तोंड घासते, ओठापाशी कात सुटते आणि ती पुढे सरकेल तशी शेपटाकडे उलटत जाते. निघताना ताणली जाते, त्यामुळे मोजली तर सापापेक्षा लांब भरते. गावोगावी ऐकू येणाऱ्या दहा-दहा हाती सापांपैकी काही नुसत्या कातीवरून मोजलेले असणार.

डोक्याकडे बघा. हे दोन गोल, पारदर्शक तुकडे. सापाला मिटणारी पापणी नसते. डोळ्यावर स्वच्छ खवला असतो आणि कातीबरोबर तोही जातो. कात टाकण्याच्या काही दिवस आधी हेच डोळे दुधाळ, निळसर दिसतात, कारण जुना थर आणि खाली तयार झालेला नवा थर यांच्यामध्ये द्रव साठतो. तेवढे दिवस साप शक्यतो दडून राहतो.

[भिंगाखाली कात.]

खवला कडक, चकचकीत. दोन खवल्यांमधली पट्टी मात्र मऊ, घड्या पडलेली. धामण उंदीर गिळते तेव्हा ताणते ती ही पट्टी. खवला आहे तेवढाच राहतो. एकाच कातडीचे हे दोन स्वभाव, कारण ती दोन वेगवेगळ्या प्रथिनांची बनली आहे.

पहिलं आपल्या घरचं, अल्फा केराटिन. आपली त्वचा, केस, नखं, म्हशीच्या शिंगावरचं आवरण, सगळं याचंच. याच्या साखळ्या दोरीच्या पेडांसारख्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, म्हणून ते थोडा ताण सोसतं. दुसरं, खवल्याला कडकपणा देणारं बीटा केराटिन, फक्त सरपटणाऱ्या प्राण्यांत आणि पक्ष्यांत आढळतं. त्याची साखळी मागे-पुढे घड्या घालत चपटी होते, असे दोन चपटे थर एकमेकांवर घट्ट बसतात आणि त्यांची रांग लागून तंतू तयार होतो. हा तंतू साधारण 3.4 नॅनोमीटर जाडीचा. अल्फाचा 7 ते 10 नॅनोमीटरचा.

मग खवले मांजराचं काय? कोकणातलं हे जनावर खवल्यांनीच मढलेलं असतं. पण ते सस्तन. त्याचे खवले अल्फा केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्याच जातीचे. या खवल्यांना औषध समजून त्यांच्यासाठी त्याची शिकार होते. त्यापेक्षा स्वतःची नखं कुरतडावीत.

[जुनी क्ष-किरण छायाचित्रं.]

या दोन प्रथिनांतला फरक पहिल्यांदा दिसला तो इंग्लंडमधल्या लीड्स शहरात, तोही लोकरीच्या धंद्यामुळे. विल्यम ॲस्टबरी हे शास्त्रज्ञ 1930च्या दशकात लोकरीच्या धाग्यांवर क्ष-किरण सोडून फिल्मवर उमटणारी नक्षी पाहत होते. ओली लोकर ताणली की नक्षी बदलायची. न ताणलेलीला त्यांनी अल्फा म्हटलं, ताणलेलीला बीटा. मग त्यांनी पिसाची छायाचित्रं घेतली. पीस न ताणताच बीटाच्या जवळची नक्षी दाखवत होतं.

त्या नावाने पुढे बरीच वर्षं घोळ घातला. बीटा केराटिन म्हणजे केराटिनचाच दुसरा अवतार, असं वाटत राहिलं. जनुकं वाचता येऊ लागली तेव्हा उलगडलं की ही दोन वेगळी घराणी आहेत. कोंबडीचा जीनोम, म्हणजे तिचा संपूर्ण जनुकीय आराखडा, 2004 मध्ये जाहीर झाला. तिच्यात या बीटा प्रथिनांची शंभराहून जास्त जनुकं आहेत. त्यांचं मूळ ठिकाण त्वचेचा सगळ्यात बाहेरचा थर घडवणाऱ्या जनुकांच्या समूहात. हा समूह माणसातही आहे, पहिल्या गुणसूत्रावर. फक्त त्यात ही जनुकं नाहीत.

[पालीचा पंजा, काचेखालून.]

पाल छतावरून पडत नाही तेही याच प्रथिनांच्या जोरावर. टोके नावाच्या मोठ्या पालीच्या एका पायाखाली सुमारे 5 लाख अतिसूक्ष्म तंतू असतात आणि प्रत्येकाचं टोक शेकडो फाट्यांत फुटलेलं असतं. ते पृष्ठभागाला इतके भिडतात की रेणूंमधली ओढच पालीचं वजन पेलते. गोंद नाही, चोषण नाही.

[चिकनचं दुकान. गरम पाण्यात बुडवलेले कोंबडीचे पाय.]

आता हे पाय. पुढच्या बाजूच्या मोठ्या खवल्यांत बीटा प्रथिनं भरलेली. तळव्याच्या बारीक, मऊ दाण्यांमध्ये मुख्यतः अल्फा. जमिनीवर टेकणारा भाग दबायला हवा ना! गरम पाण्यातून काढल्यावर पिवळी साल सोलून निघते आणि नखीचं टोपण अख्खं हातात येतं. आत राहतं ते बोटाचं शेवटचं हाड.

हे टोपण उभं कापून पाहू. वरची बाजू टणक, खालची त्या मानाने मऊ. कोंबडी उकिरडा उकरते तेव्हा खालची बाजू आधी झिजते आणि टोक आपोआप धारदार राहतं. घोरपडीच्या नखीचीही रचना हीच.

नखीत आणखी एक गोष्ट निघाली. केसाला बळकटी येते ती सिस्टीन या अमिनो आम्लामुळे. त्यातलं गंधक शेजारच्या साखळीतल्या गंधकाशी बंध जोडतं. असं सिस्टीनने भरलेलं अल्फा केराटिन ही सस्तन प्राण्यांचीच खासियत समजली जायची. 2008 मध्ये व्हिएन्नाचे शास्त्रज्ञ लिओपोल्ड एकहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याची जनुकं सापडली ती अमेरिकेतल्या हिरव्या ॲनोल सरड्यात. प्रथिन मिळालं त्याच्या बोटांत, नखी वाढते तिथे. अंगावर एकही केस नसलेला हा प्राणी! आपली आणि सरड्यांची वंशरेषा वेगळी झाली सुमारे 31 कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा हे केराटिन त्याआधीचं असणार, आणि बहुधा नख्यांसाठी घडलेलं. केसांनी ते पुढे कधीतरी उचललं.