घाण्यामागे पळीभर तेल

श्रोतेहो, नमस्कार.

चाळीसगावहून पाटणादेवीला तुमच्यापैकी पुष्कळ जण गेले असतील. देवीचं दर्शन घ्यायचं, पावसाळा असला तर डोंगर न्याहाळायचा आणि परत फिरायचं. तिथल्या शिलालेखापाशी मात्र फारसं कुणी थांबत नाही. तो लेख १२०७ सालचा आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला, आणि निकुंभ घराण्याच्या राजांनी त्याला दान दिलं, त्याची ही नोंद. शेवटच्या ओळी चक्क जुन्या मराठीत आहेत. त्यात सांगितलंय, की बाजारातल्या विक्रीतला राजाचा वाटा या मठाला द्यावा आणि गावात जितके घाणे चालतात, त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल द्यावं. ग्रहगणित शिकवणाऱ्या मठासाठी घाण्यावरून तेल जात होतं, आपल्या खान्देशात, आठशे वर्षांपूर्वी! मी विज्ञान शिकवतो. सहल नेली की मुलांना आधी त्या लेखापुढे बसवतो, जेवणाचे डबे मग उघडतो.

आज हा खर्च देश करतो. इस्रोचा ‘युविका’ नावाचा कार्यक्रम २०१९ पासून नववीच्या मुलामुलींसाठी चालतो. मे महिन्याच्या सुटीत सुमारे दोन आठवडे मुलं इस्रोच्या केंद्रात राहतात, शास्त्रज्ञांशी बोलतात, प्रयोगशाळा पाहतात. प्रवास, राहणं, जेवण, सगळं इस्रोकडून. निवडीत सर्वांत मोठा वाटा आठवीच्या गुणांचा. त्याशिवाय ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शन, स्काउट-गाइड किंवा एनसीसी यांचे गुण धरतात. आणि हे नीट ऐका, ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेत शिकणाऱ्याला जादा गुण मिळतात. म्हणजे शिरपूर, यावल, अक्कलकुव्याच्या खेड्यातलं पोर इथे मागे नाही, चार पावलं पुढेच आहे.

तरी आपली मुलं राहून जातात. का, ते मी माझ्याच वर्गात पाहिलं. एक मुलगी आठवीत पहिली आलेली, प्रदर्शनात तालुक्यापर्यंत गेलेली. अर्जाची सूचना माझ्या नजरेस पडली तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते. दहावीच्या परीक्षांच्या धांदलीत मी इस्रोचं संकेतस्थळ उघडून पाहिलंच नव्हतं. ती काही बोलली नाही. तिच्या वडिलांनी मात्र विचारलं, “सर, पुढच्या वर्षी भरता येईल ना?” नाही येत. नववी एकदाच असते. तेव्हापासून फेब्रुवारी आणि मार्चमध्ये दर सोमवारी मी ते पान पाहतो. आई-बाबांनो, मूल नववीत असेल तर तुम्हीही पाहा. आठवीची गुणपत्रिका आणि शाळेचा दाखला आधीच काढून ठेवा.

पुढची वाट फक्त मोठ्या इंजिनिअरिंगची आहे, हाही गैरसमज. तिरुवनंतपुरमच्या अंतराळ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत बी.टेक.साठी जेईई अॅडव्हान्स्ड द्यावी लागते, हे खरं. पण इस्रो फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियनही घेते. दहावीनंतर आयटीआय केलेल्यांना तंत्रज्ञ म्हणून, डिप्लोमावाल्यांना तांत्रिक सहायक म्हणून. रॉकेटचा सुटा भाग शेवटी कुणाच्या तरी हाताने लेथवर घडतो. जळगाव-धुळ्याच्या आयटीआयमधल्या पोरांना हे कुणी सांगतं का?

आणि शेतकरी श्रोत्यांनो, हे शास्त्र तुमच्या बांधापर्यंत आलेलं आहे. हिरवं, निरोगी पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकतं. उपग्रह हा फरक टिपतो, त्यावरून पीक कसं आहे ते कळतं. रिसोर्ससॅट-२ च्या एका कॅमेऱ्याच्या चित्रातला एक ठिपका २३.५ मीटर लांब-रुंद, म्हणजे जमिनीवरचे साधारण साडेपाच गुंठे! फळं आणि भाजीपाल्याच्या पिकांच्या मोजणीसाठी केंद्र सरकारने २०१४ मध्ये ‘चमन’ प्रकल्प सुरू केला, त्यातल्या सात पिकांत आपली केळीही होती. रावेरच्या केळीच्या बागेत वाढलेल्या मुलाने हे चित्र वाचायला शिकलं, तर त्याला कांदेबाग कुठली आणि मृगबाग कुठली (लागवडीच्या हंगामावरून पडलेली केळीच्या बागांची नावं) हे पुस्तकातून शिकावं लागणार नाही. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन (म्हणजे उपग्रहातून दुरून टिपण्याचं शास्त्र) संस्था असे अभ्यासक्रम ऑनलाइन आणि विनाशुल्क घेते. कॉलेजच्या मुलांनी त्यांचं वेळापत्रक जरूर पाहावं.

ती मुलगी आता अकरावीत आहे. खगोलशास्त्राच्या ऑलिंपियाडची पहिली पायरी असलेली परीक्षा नोव्हेंबरमध्ये असते. या वेळी नोंदणी सुरू झाली त्याच दिवशी आम्ही दोघांनी बसून तिचं नाव घातलं. केंद्र गावापासून लांब आहे. पहाटेची पहिली एसटी चुकू नये म्हणून तिचे वडील तिला आदल्या रात्रीच मावशीकडे पोचवणार आहेत.